मामींची कुऱ्हाड

डोळे मिटलेत, पण झोप अजून आलेली नाही. पौषातलं ऊन पोटावर आहे. पाय बाजेबाहेर लोंबतायत आणि उजव्या पायात चप्पल नाही, कारण त्या चपलेचे आज सकाळी दोन भाग झाले. जेवणात ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी होती, ती आता माझा एकेक अवयव बंद करत चालली आहे. आत कुमुद भांडी घासतेय. रोजच्यापेक्षा जरा जोरात घासतेय.

झोप लागण्याआधी थोडं सांगून टाकतो.

मी दिगंबर बोंडे. परतवाड्यात माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. घरोघरी कॉम्प्युटर आले, पोरं यायची थांबली, तेव्हा इन्स्टिट्यूट बंद करून मी बायकोसह इथे चिखलदऱ्याला सासूच्या घरी राहायला आलो. कोणी घरजावई म्हटलं तरी माझी हरकत नाही. सासूबाईंनी मात्र कधी म्हटलं नाही. त्यांचं नाव कौतिकाबाई. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, म्हणून मीही मामीच म्हणायचो, पण बहुतेक वेळा मनातल्या मनात. कारण मामी माझ्याशी थेट बोलत नसत. जुन्या वळणाची बाई. जावयाशी समोरासमोर बोलणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मी पुढ्यात बसलेला असताना त्या कुमुदला म्हणायच्या, "त्यायले विचार, चहा घेतात काय." कुमुद माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो, आणि कुमुद त्यांना सांगायची की हो म्हणतात. एका छपराखाली बरीच वर्षं असं चाललं आणि आमचं एकदाही भांडण झालं नाही. भांडायचं तर कुमुदला किती खेपा घालाव्या लागल्या असत्या.

इथे थंडी हाडात शिरते. सासरे रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांनी डांबराच्या रिकाम्या पिंपाची शेगडी करून मधल्या खोलीत बसवली आणि तिचं धुराडं कौलांतून बाहेर काढलं. त्या शेगडीची लाकडं मामी फोडायच्या. रोज सकाळी, नऊवारीचा काष्टा घट्ट करून, परसात. मी एकदा कुऱ्हाडीला हात लावायला गेलो, तर कुमुदमार्फत निरोप आला की जावयाने लाकडं फोडली तर गाव काय म्हणेल. मला ते मनापासून पटलं. पुन्हा मी तिकडे फिरकलो नाही.

श्रावणात मामी गेल्या. ही त्यांच्याशिवायची पहिली थंडी. लाकडाची वाण नाही. आवारातला सिल्व्हर ओक वादळात पडला होता, त्याचे करवतीने तुकडे करून रचून ठेवलेत, फोडायचे तेवढे बाकी आहेत. पण कुमुद शेगडी पेटवत नाही. मधल्या खोलीत जातच नाही ती. स्वयंपाकघरात दोन शाली पांघरून बसते, गुडघे दाबते, आणि म्हणते की घर बंद करू, अमरावतीला पोरीकडे जाऊ. मला जायचं नाही. एकदा गेलो की परत येणं होणार नाही, हे तिलाही कळतं आणि मलाही.

म्हणून आज सकाळी तिला न सांगता कुऱ्हाड घेतली. घर गरम केलं की ती थांबेल, असा माझा साधा हिशोब. पहिलाच घाव ओंडक्यावरून घसरला आणि माझ्या चपलेत शिरला. अंगठा आणि शेजारचं बोट, दोघांच्या बरोबर मधून. रक्ताचा थेंब नाही. कुमुद दारातून बघत होती. ती ओरडली नाही. आली, कुऱ्हाड उपसली, चप्पल तिला तशीच लटकत होती, दोन्ही घेऊन आत गेली. मग आतून म्हणाली की उद्या बॅगा भरू.

भांड्यांचा आवाज लांब जातोय. आता तो भांड्यांचा राहिलेला नाही. टक्. मध्ये थोडी शांतता. टक्.

मी मान वळवतो. परसात मामी एका ओंडक्यावर बसल्यात आणि अडकित्त्याने सुपारी कातरतायत. मला आश्चर्य वाटत नाही. वाटते ती लाज, की सासूसमोर आपण बाजेवर पाय पसरून पडलोय. गडबडीने उठतो. पायात बूट आहेत, जाड तळव्यांचे, नाड्या बांधलेले. सासरे रस्त्यावर घालायचे तसे.

मामी बुटांकडे बघतात. मग तारेवर कुमुदची तपकिरी शाल वाळत पडली आहे तिच्याकडे तोंड करतात.

"कुमुदे, त्यायले सांग, बूट घातले ते बरं केलं. चपला घालून लाकडं फोडाची हिंमत लय मोठी हाये त्यायची."

कुमुद तिथे नाही. शाल थोडी हलते. शाल मला निरोप देईल म्हणून मी वाट बघतो. ती देत नाही, पण मला ऐकू तर आलेलंच असतं. मग मीही शालीकडे वळून म्हणतो की मामींना सांग, सकाळचं ते चुकून झालं.

"त्यायले सांग, कुराडीजवळ चूकभूल देणे-घेणे नसते."

त्या उठतात आणि एक बुटका, रुंद ठोकळा पायाने ढकलत आणतात. माझ्या गुडघ्याच्याही खाली येईल एवढाच. सकाळी मी ओंडका थेट मुरमाच्या जमिनीवर ठेवला होता, ते त्यांना कुठून तरी कळलेलं आहे. शालीला त्या सविस्तर समजावतात की लाकूड नेहमी ठोकळ्यावर उभं करायचं, आणि तेही आपल्याकडच्या नाही, पलीकडच्या काठावर. म्हणजे नेम चुकला तरी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतते, माणसात नाही. मी मान हलवतो. शालही हलते. तिला माझ्याआधी समजलं असावं.

मग मामी मला पाय लांब लांब ठेवून उभं राहायला लावतात. कुऱ्हाड अजून हातात देत नाहीत. रिकामेच हात वर न्यायचे, आणि खाली आणताना गुडघ्यांतून बसायचं, वाकायचं नाही. बसलं की कुऱ्हाड सरळ खाली येते, वाकलं की ती गोल फिरून आपल्याच नळीवर येते. मी करून दाखवतो. पुन्हा करायला सांग, असं शालीला म्हणतात. पुन्हा करतो. माझ्या गुडघ्यांतून बारीक आवाज येऊ लागतात.

"कुमुदे, लाकूड वाजाले पाहिजे म्हना. त्यायचे गुडघेच वाजून राह्यले."

शेवटी कुऱ्हाड हातात मिळते. उचलण्याआधी मागे कोणी नाही ना, ते बघायचं, असा आणखी एक निरोप शालीमार्फत येतो. मी मागे बघतो.

मागे माझी इन्स्टिट्यूट आहे.

परस कुठे गेलं, हे मी विचारत नाही. टेबलं ओळीने लागलेली, त्यांवर माझी मशिनं, आणि प्रत्येक मशिनसमोर स्टुलावर एकेक ओंडका बसलेला. परीक्षेला बसलेत सगळे. भिंतीवर घड्याळ आहे. खिडकीच्या गजावर कुमुदची शाल. मामी दारात चपला काढून आत येतात. त्या एवढी वर्षं परतवाड्याच्या बाजाराला यायच्या, पण इन्स्टिट्यूटमध्ये कधी आल्या नव्हत्या. आता ओळीओळीने फिरतायत. प्रत्येक ओंडक्याच्या डोक्यावर वाकून बघतात, बोटाने चाचपतात. एकाच्या डोक्याला मधून बाहेर गेलेल्या चिरा आहेत. हा तयार आहे, त्या चिरेवरच घाव घालायचा, दुसरीकडे शहाणपण करायचं नाही, असं त्या शालीला सांगतात. दुसऱ्यावर टिचकी मारतात तर आवाज भद्द येतो.

"हा वला हाये. याले पुढच्या वर्षी बसवा म्हना."

तो ओंडका खाली मान घालतो. म्हणजे ओंडक्याला मान नसते, पण मी बरीच वर्षं परीक्षा घेतल्या आहेत, मला कळतं. तिसऱ्याच्या अंगावर मोठी गाठ आहे. त्याच्यापुढे मामी जास्त वेळ थांबतात. मग शालीला म्हणतात की गाठीच्या लाकडाशी भांडत बसू नये, बाजूला ठेवावं, शेगडीत सावकाश जळायला ते अख्खंच कामाला येतं. मला वाटतं, हे त्या फक्त लाकडाबद्दल बोलत नाहीत. पण सासूबाईंचं बोलणं दोन अर्थांनी घ्यायचं नाही, हे मी या घरात लवकर शिकलो.

पहिल्या ओळीतला तयार ओंडका मी ठोकळ्यावर घेतो. सगळे बघतायत. पाय लांब. मागे कोणी नाही. सगळा जोर एकवटून कुऱ्हाड वर नेतो, आणि खाली आणतो तेव्हा ती फार हलकी लागते, कारण हातात फक्त दांडा आहे. पातं मशिनांच्या डोक्यावरून उडत गेलंय आणि भिंतीवरच्या घड्याळात रुतून बसलंय. मामींनी डोळे मिटून घेतलेत.

"कुमुदे, त्यायले विचार," त्या डोळे न उघडता म्हणतात, "दांडा हालवून पाह्यला होता काय."

पाहिला नव्हता. मी शालीला तसं सांगतो. मामी स्टुलावर चढून घड्याळातून पातं काढतात. घड्याळ चालू लागतं, ते बंद होतं हे तेव्हा लक्षात येतं. दांडा पात्यात बसवून त्या त्याच्या डोक्यात लाकडाची पाचर ठोकतात, हलवून बघतात, पुन्हा ठोकतात. मग कुऱ्हाड माझ्याकडे देताना शालीला म्हणतात की त्यांना म्हणावं, लाकडाला मारायचं नसतं. कुऱ्हाडीला तिचं वजन असतं. आपण तिला वर न्यायचं, पुढचं तिचं तिला करू द्यायचं.

हे ऐकून मी थबकतो. कारण याच खोलीत, याच ओळींमधून फिरत, मी पोरांना जन्मभर तेच सांगितलं. कीला मारू नका, बोट पडू द्या. मी शालीला तसं सांगतो. मामी मान वळवून एका मशिनकडे बघतात. मग एक बोट पुढे करतात, सुपारीने लाल झालेलं, आणि ते हलकेच पडू देतात. कागदावर क उमटतो. चांगला, स्वच्छ, कुठे फिका नाही कुठे दाट नाही.

"म्हंजे माहीत हाये की त्यायले," त्या शालीला म्हणतात. आवाजात समाधान आहे. "मंग मी कायले सांगून राह्यली."

मग विचारून घे म्हणतात, आणखी एकदा दाबलं तर चालेल काय. मी हो म्हणतो. त्या दाबतात. पुन्हा दाबतात. कौतिकाबाईचा क, ओळभर क, आणि ओळ संपते तशी मशिनची घंटा वाजते. मामी दचकून हात मागे घेतात आणि हसतात. पदर तोंडाला न लावता माझ्यासमोर हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पुढचे दोन दात नाहीत हेही मला आजच कळतं.

घंटा पुन्हा वाजते. या वेळी दोनदा, दोरी ओढल्यासारखी, आणि आम्ही एसटीत आहोत. घाटातलं वळण आहे. ओंडके दांडीला धरून उभे आहेत. खिडकीजवळची जागा शालीला दिली आहे, तिच्या शेजारी मामी, आणि मी पलीकडच्या बाकावर मांडीवर कुऱ्हाड घेऊन. कंडक्टर येतो, कुऱ्हाडीकडे बघतो आणि फक्त एवढंच म्हणतो की पात्याला फडकं गुंडाळा, उघडं घेऊन फिरू नका. मामी मान डोलावतात. त्यांना कंडक्टर आवडलेला दिसतो.

गाडी थांबते ती लाकडाच्या वखारीसमोर. ही वखार मला ओळखीची आहे. मी खाली उतरायला तयार नसतो, पण मामी उतरतात आणि मग बसून राहणं बरं दिसत नाही. त्या रचलेल्या लाकडांचा वास घेतात. एक लाकूड उचलून वजन बघतात. मला माहीत आहे काय येणार ते.

"कुमुदे, त्यायले विचार. माह्या वक्ताची लाकडं इथूनच आनली होती काय."

हो, मी म्हणतो, शालीला. लाकडं आणायचं काम माझ्याकडे होतं.

"वली होती."

श्रावण होता, मी म्हणतो. सगळीकडे ओलीच होती.

"दोष नाई देत म्हना. श्रावणात मेलं का मग तक्रार कराले जागा नसते. पन धूर लय झाला. सगळे रडत होते. ते धुरानं रडत होते का माह्यासाठी रडत होते, मले काई समजलंच नाई."

रस्त्यावरून कोणी जात नाही. एसटी निघून गेली आहे. शेवटी मी म्हणतो, "मामींना सांग, मी वाऱ्याच्या बाजूला उभा होतो. माझ्याकडे धूर येत नव्हता."

मामी ते लाकूड परत जागेवर ठेवतात. पदर नीट करतात. बराच वेळ नीट करत राहतात.

मग खरंच धूर येतो, वखारीतूनच कुठून तरी, पण बोचरा नाही, कोरड्या लाकडाचा. तो विरतो तेव्हा आम्ही मधल्या खोलीत आहोत. पिंपाची शेगडी पेटली आहे. तिच्या पोटातली धग माझ्या नडगीला लागतेय. शाल खुर्चीच्या पाठीवर आहे. मामी तिच्याकडे बघतात, जरा विचार करतात, मग तिला उचलतात, घडी घालतात, कोपऱ्यातली लोखंडी पेटी उघडून तिच्यात ठेवतात आणि झाकण लावतात. झाकणावर हात ठेवून थोडा वेळ ऐकतात, आतून काही हालचाल नाही ना.

मग वळून माझ्याकडे बघतात. सरळ माझ्याकडे.

"जवाईबापू," त्या म्हणतात, "हे तुमालेच सांगून राह्यली. कुमुदले सांगू नोका."

मी उठून उभा राहतो. त्या बसा म्हणतात. बसतो. मामी डावं पाऊल शेगडीपुढे करतात. त्या पावलाची करंगळी आखूड आहे, तिला नख नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुमुद पाळण्यात असताना म्हशीने पाय दिला होता. घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ती गोष्ट कोणी ना कोणी सांगतं.

"म्हैस नव्हती," मामी म्हणतात.

मी करंगळीकडे बघतो. मग शेगडीजवळ टेकवलेल्या कुऱ्हाडीकडे बघतो.

सासऱ्यांशी काही बोलाचाली झाली होती. कशावरून ते आता मामींनाही आठवत नाही. राग डोक्यात घेऊन त्या परसात गेल्या आणि अनवाणी पायांनी लाकडावर घाव घालू लागल्या. ते लाकूड तेव्हा लाकूड नव्हतं, सासरेच होते. घाव घसरला. त्यांनी चिंधी बांधली आणि सासऱ्यांना सांगितलं की म्हशीने पाय दिला. खरं कळलं असतं तर सासऱ्यांनी कुऱ्हाड काढून घेतली असती, म्हणून. त्यांनी कुऱ्हाड नाही, म्हैस काढली. आठवड्याच्या आत बाजारात विकून आले.

"चांगली म्हैस होती. दोन्ही वेळ दूध देत होती."

मी विचारतो, आता थेट विचारतो, की तिकडे ती भेटली नाही का.

"भेटली," मामी म्हणतात. "बोलत नाई."

शेगडीत एक लाकूड कलंडतं. आम्ही दोघंही बराच वेळ त्या म्हशीचा विचार करतो.

मग मी धीर करून आणखी एक विचारतो. एवढं झाल्यावरही त्यांनी कुऱ्हाड का सोडली नाही, आणि मी घरात असताना मला का शिवू दिली नाही. गाव काय म्हणेल म्हणून, की मला जमणार नाही म्हणून?

मामी अडकित्ता हातात फिरवतात. "तसं नाई जी. दिवसभर कोनी ना कोनी मले हाक मारे. कुराड हाती असली का कोनी जवळ येत नव्हतं. तेवढा वकत माहा होता. तो मी तुमाले काहून देऊ?"

यात रागावण्यासारखं काही मला सापडत नाही. उलट, एवढी वर्षं जे मानपान समजून मी खाली मान घालून घेत होतो, ते असं साधं निघालं याचं हसू येतं. त्यांनाही येतं.

"आता घ्या," त्या म्हणतात. "पन रागात उचलू नोका. अन् कोनाले दाखवाले तं बिलकुल नाई."

ठोकळा खोलीच्या मधोमध आहे. त्याच्या पलीकडच्या काठावर सिल्व्हर ओकचा तुकडा उभा आहे, डोक्याला चीर असलेला. मी दांडा हलवून बघतो. मागे बघतो. पाय लांब ठेवतो. कुऱ्हाड वर नेतो आणि तिला सोडतो म्हणा, पडू देतो म्हणा, आणि खाली येता येता गुडघ्यांतून बसतो. घाव लागल्याचं हाताला कळतच नाही. फक्त टक् असा स्वच्छ आवाज होतो आणि लाकूड पुस्तकासारखं उघडतं.

आत रताळं आहे. भाजलेलं, वाफ निघणारं, सालीला राख लागलेलं.

मामींना यात काही नवल वाटत नाही. त्या खाली बसतात, पदराने धरून ते मोडतात, मोठा तुकडा मला देतात. जावयाला मोठा तुकडा, ती रीत अजून आहे. फार गरम आहे. मी तोंडातल्या तोंडात इकडून तिकडे फिरवत खातो. मिशीला चिकटतं.

"कुमुदले शेगडी पेटव म्हनू नोका," मामी खाता खाता म्हणतात. "तुमीच पेटवा अन् चूप बसा. ती येईन."

नाही आली तर, असं मी विचारणार असतो. पण पेटीच्या आतून कोणीतरी झाकण वाजवतं. मामी गडबडीने तोंड पुसतात, उठतात, आणि पुन्हा पहिल्यासारख्या माझ्याऐवजी पेटीकडे तोंड करून म्हणतात, "त्यायले सांग, पानी प्या. रताळं घशात बसते."

"अहो."

ऊन बाजेवरून निघून भिंतीवर गेलंय. कुमुद शेजारी उभी आहे. पाण्याचा तांब्या तिच्या हातात आहे. मी झोपेत ठसकत होतो म्हणून आली, म्हणते. मी पाणी पितो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते.

"काय खाल्लंत?"

काही नाही, मी म्हणतो.

"मग मिशीला काय लागलंय?"

हात लावून बघतो. बोटाला राख लागते, आणि राखेखाली काहीतरी चिकट. जिभेवर घेतो. गोड आहे. कुमुद वाकते, पदराच्या टोकाने माझी मिशी पुसते, पदर उन्हाकडे धरून बघते, मग नाकाशी नेते. घरात रताळं नाही. या थंडीत एकदाही आणलेलं नाही. तांब्या खाली ठेवते आणि बाजेच्या कडेवर बसते. दोऱ्या करकरतात.

कोण आलं होतं, असं ती विचारत नाही. म्हणते, "मला काही म्हणाली?"

"सगळं तुलाच म्हणत होत्या."

"सगळं?"

"एक सोडून."

ती माझ्याकडे बघते. मी दुसरीकडे बघतो. ते एक काय, हे तिने ओठांपर्यंत आणलेलं मला दिसतं, आणि तिने ते गिळलेलंही दिसतं. मग पदराचं ते टोक, राखेसकट, रताळ्याच्या पिवळ्या तंतूसकट, ती नीट दुमडते आणि त्याला घट्ट गाठ मारते.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणते.